दादारावपेक्षा हजार रुपये जास्त

२०१८ साल. माझे वय सदुसष्ट. दादाराव माझ्याच वर्गातला, म्हणजे तोही तेवढाच. पण त्याच्या डोक्यावर केस होते आणि माझ्या नव्हते, त्यामुळे लोक त्याला दहा वर्षांनी लहान धरत. घाटंजीत बाजाराच्या रस्त्यावर माझे शिलाईचे दुकान आहे. समोर झेरॉक्सवाला. त्याच्या दुकानाबाहेर निळ्या स्टुलावर दादाराव सकाळी नऊला येऊन बसायचा, तो दुपारी एकला उठायचा. मशीनमधून कागद बाहेर आला की तो गरम असतानाच उचलायचा आणि गालाला लावायचा. थंडीत लावायचा, तसा मे महिन्यातही लावायचा. मग तो कागद ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. मला वाटायचे, हा लोकांना दाखवायला करतो. बायका तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावतात तसा हा कागदाला गाल लावतो, आणि लोक म्हणतात, काकाजीचा किती जीव आहे पोरांवर.

दादाराव यवतमाळच्या एका कॉलेजात शिपाई होता. सारी नोकरी शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी गेली. टेबलावरचे बाबू बदलत गेले, दादाराव तिथेच राहिला. कोणत्या फॉर्मला कोणता दाखला लागतो, तो कोणत्या कचेरीत मिळतो, तिथला बाबू जेवायला किती वाजता उठतो, हे सगळे त्याला तोंडपाठ झाले. रिटायर झाल्यावर गावी आला आणि बसला माझ्यासमोर. गावात दुसरी झेरॉक्सची दुकाने नव्हती असे नाही.

कोणताही कागद असो, तो तीन झेरॉक्स काढायला लावायचा. "एक सरकारची, एक बँकेची, एक उंदराची." पोरे हसायची. तो हसायचा नाही. "हसू नका बे. उंदराची नाही काढली तं तो सरकारची खाते." पैसे कोणाकडून घ्यायचा नाही. चहासुद्धा फॉर्म भरताना घ्यायचा नाही. फॉर्म मंजूर होऊन रक्कम पोराच्या खात्यात आली की मग अर्धा कप. कोणी आधीच कप पुढे केला तर म्हणायचा, "खात्यात आले का? नाही ना? मंग तो चहा तुह्या बापाले दे, त्यानं सकाळपासून काही घेतलं नसन."

कर्ज म्हटले की आयाबाया घाबरायच्या. एकदा एक बाई पोरीला घेऊन आली होती, पदर तोंडाला लावून उभी होती. मी शिलाई थांबवून ऐकत होतो. दादाराव तिला म्हणाला, "बाई, शिष्यवृत्ती म्हंजे देल्लं ते देल्लं, कोणी वापस मांगत नाही. बँकेचं कर्ज म्हंजे वापस मांगते, पण पोरगी कमवाले लागल्यावर. पह्यले देल्लं ते सारं घ्याचं. मंग उरलं तेवढ्यापुरतं कर्ज. उलटं नाही कराचं." बाईने पदर खाली घेतला. इतके सोपे मी कापड बेततानाही कोणाला सांगितले नसेल, हे मला मान्य आहे. पण त्याला इतक्या मोठ्या आवाजात सांगायचे कारण नव्हते.

खरा त्रास बाकड्याचा होता. माझ्या दुकानासमोर गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाकडे आहे. पूर्वी त्यावर नवरदेव बसत, मापासाठी. रेडीमेड आल्यापासून नवरदेव गेले, शाळेच्या ड्रेसचे कामही गेले. आता त्या बाकड्यावर दादारावची पोरे बसू लागली. सावलीला बसायची माझ्या, तोंड त्याच्याकडे. शर्टाचे एक बटनही कधी कोणी लावून घेतले नाही. दादाराव उशिरा आला की मलाच विचारायची, "टेलरकाका, दादाराव काकाजी केव्हा येतीन?" मी सांगायचो, "मी काय त्याचा शिपाई हाय?"

आता दादाराव नाही. मागच्या वर्षी गेला. त्याच्या मयतीला मी गेलो होतो. पांढऱ्या कपड्यातली इतकी माणसे घाटंजीत मी एका जागी पाहिली नव्हती. कोणी नागपूरहून आले, कोणी हैदराबादहून गाडी करून आले. एक डॉक्टर बाई तर त्याच्या पायाशी बसून राहिली, उठेना. बुद्धवंदना चालू होती आणि मी मागे उभा राहून मनात मोजत होतो की माझ्या मागे कोण कोण येईल. ज्यांचे कपडे शिवले ते येतील का? शिवलेले कपडे फाटतात. त्याने भरलेल्या फॉर्मांवर माणसे उभी होती.

हे पोट दुखणे जुने आहे. चौथीत आम्ही एका टाटपट्टीवर बसत होतो. गणितात मी त्याच्या पुढे होतो. हे पाहिलेला दुसरा कोणी आता जिवंत नाही, म्हणून मीच सांगतो. चौथीच्या शेवटी गुरुजींनी दोन फॉर्म आणले. यवतमाळला वसतिगृहात राहायचे, शाळा शिकायची, खर्च शिष्यवृत्तीतून. एक फॉर्म दादारावचा, एक माझा. वर छापले होते, 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी'. दादारावच्या मायने लगेच अंगठा लावला. माझ्या बापाने फॉर्म हातात घेतला, पहिली ओळ मला वाचायला लावली आणि गुरुजींना परत दिला. म्हणाला, "गुरुजी, माह्या घरात दोन मशिनी हायत. पोराच्या नावावर गरीब लिहून पाठवू का मी?"  दुसऱ्या दिवसापासून मी काज करायला बसलो.

दिवाळीत दादाराव सुटीला आला. वसतिगृहाने दिलेला नवा शर्ट अंगात, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. त्याच्या मायने तो शर्ट आमच्याकडे आणला. बाह्या मीच कमी केल्या. कोऱ्या कापडाची खळ बोटांना लागली होती. तो उघड्या अंगाने आमच्या ओट्यावर बसून कुठल्या तरी नदीचे नाव पाठ करत होता आणि मी त्याची बाही उलटी करून तुरपाई घालत होतो. तेव्हापासून मला तो माणूस आवडला नाही.

तर २०१८ साल. माझा मुलगा वारून तेव्हा सहा वर्षे झाली होती. सून पिको-फॉल करते, आणि नात प्राजक्ता. बारावीला चांगले मार्क पडले आणि नागपूरच्या एका कॉलेजात तिला बी. फार्मसीला जागा मिळाली. आमच्या घरात नागपूरला कोणी शिकायला गेले नव्हते. तिने मला न विचारता समोरच्या निळ्या स्टुलापाशी जाऊन सगळे कागद दाखवले. परत आली ती नाचतच.

"आबाजी, काकाजी म्हणतात फी शिष्यवृत्तीतून निंघते. राहण्या-खाण्यापुरतं बँकेचं कर्ज, त्यावर आई सही करते. फक्त तुमच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला पाह्यजे. दुकान तुमच्या नावावर हाय ना."

"दादाराव म्हणते म्हणून?"

"कॉलेज म्हणते, आबाजी."

दुसऱ्या दिवशी मी तलाठ्याकडे गेलो. दाखला तहसीलमधून निघतो, पण आकडा तलाठी लिहून देतो. ॲडमिशनचे दिवस, रांग लांब. माझ्या मागे बाजारातला किराणावाला उभा होता, त्याच्या लग्नाचा कोट मी शिवला होता. अजून दोघेतिघे ओळखीचे. माझा नंबर आला. तलाठी तरुण मुलगा, मान खाली घालून विचारले, "काका, वर्षाचं उत्पन्न किती लिहू?"

खरा आकडा मला पाठ होता. रेडीमेडने तो दरवर्षी खाली आणला होता. मागे किराणावाला कान देऊन उभा. आणि दादाराव आपली पेन्शन कोणालाही सांगायचा, त्याला त्यात काही वाटायचे नाही, त्यामुळे तीही मला पाठ होती. मी त्याच्या पेन्शनचा वर्षाचा हिशेब मनात केला, त्यावर हजार रुपये चढवले आणि खणखणीत सांगितले.

तलाठ्याने मान वर केली. "काका, लोकं कमी करून मांगतात. वाढवून मांगणारे तुम्ही पह्यलेच."

"जे हाय ते लिहा."

"दाखला कायच्यासाठी पाह्यजे?"

"नातीच्या शिक्षणासाठी."

"मंग एकडाव इचार करा."

"साहेब, मी टेलर हाय. माप एकडावच घेतो."

रांग हसली. किराणावाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी जाताना माझी मान सरळ होती. तहसीलचा शिक्का बसून दाखला आला तो मी पाकिटात घालून प्राजक्ताच्या हातात दिला. तिने तो तसाच समोर नेला.

मी मशीनवर बसून पाहत होतो. दादारावने दाखला वाचला. पुन्हा वाचला. झेरॉक्स काढायला दिला नाही, गालालाही लावला नाही. प्राजक्ताला काहीतरी बोलून घरी पाठवले आणि रस्ता ओलांडून आला. इतकी वर्षे समोर बसत होता, पण माझ्या दुकानाची पायरी कधी चढला नव्हता. मी बोलावलेही नव्हते.

"लक्ष्मण, हा आकडा मले ओळखीचा वाटून राह्यला."

मी कात्री चालू ठेवली.

"माही पेन्शन हाय बे हे. वरचे हजार कोणाचे?"

"माहे."

तो इतका हसला की त्याला बाकड्यावर बसावे लागले. मग डोळे पुसून म्हणाला, "बरं हाय. तू माह्याहून हजारानं श्रीमंत. मी गावात सांगतो, पाह्यजे तं पेढे वाटतो. पण या दाखल्यावर पोरीले शिष्यवृत्ती लागत नाही. मर्यादेच्या वर गेला तू."

"मंग मी भरतो फी."

"कायची भरतो? एका वर्षाच्या फीत तुह्या दोन्ही मशिनी जातीन, अन् हे शटर."

"बँक कर्ज देते ना? तूच तं सांगत राह्यते दिवसभर."

"देते. पण सारंच कर्जावर घेतलं तं पोरगी डोक्याचे केस पांढरे होईपर्यंत फेडत बसन. अन् जे देल्लं जाणार होतं, ते तुह्या हजारापाई गेलं. चार दिवस राह्यले मुदतीले. जा, तलाठ्याले सांग, चुकलं म्हणून."

"चुकलं नाही."

"मंग काय झालं?"

 मी म्हणालो, "तुह्या स्टुलावर जाऊन बस. पोट्टे खोळंबले."

तो दाखला माझ्या मशीनवर ठेवून गेला. त्याने प्राजक्ताला एवढेच सांगितले की एक कागद बाकी आहे. पण तिला वाचता येते. तिने आकडा पाहिला होता आणि घरात किती येते तेही तिला ठाऊक होते.  दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आली, दुसऱ्या मशीनवरचे कापड झटकले, बोटात अंगुस्तान घातले आणि एका ब्लाउजचे काज करायला बसली.

"कायले बसली?" मी विचारले.

"यंदा राहू द्या, आबाजी. पुढच्या साली पाहू."

आवाज साधाच होता. तिने रडायला हवे होते, म्हणजे मला ओरडता आले असते. दुपारपर्यंत तिने चार ब्लाउजचे काज केले. मी एक उचलून उजेडात पाहिला. काज सरळ, टाके सारखे, कुठे दोरा सुटलेला नाही. काज इतके चांगले झाले होते तेच मला सहन झाले नाही. मी याच जागी दहाव्या वर्षी बसलो तेव्हा बापाने माझाही काज असाच उजेडात धरून पाहिला होता आणि म्हणाला होता, हात चांगला हाय.

मुदतीला दोन दिवस राहिले. संध्याकाळी मी शटर अर्धे ओढले तेव्हा दादाराव पुन्हा आला. या वेळी न विचारता बाकड्यावर बसला. त्याच्या हातात प्राजक्ताचा फॉर्म होता, दाखल्याची जागा रिकामी.

"तुले वाटते मले लाज नव्हती," तो म्हणाला.

"नव्हतीच. तुह्या मायलेही नव्हती."

मायचा विषय काढला म्हणून तो उठेल असे वाटले. उठला नाही.

"वसतिगृहात एक तारखेले रांग लागे. शिष्यवृत्तीवाल्यांची येगळी. पैसे भरणारे पोट्टे व्हरांड्यात उभे राहून पाहत अन् आम्हाले फुकटे म्हणत. मी कागद असा धरो." त्याने फॉर्म गालाशी नेला आणि अर्धे तोंड झाकले. "नाव पुकारलं का हजर म्हणो अन् कागद आडवा. सहा वर्सं तसंच. कागदाले लाज नसते, लक्ष्मण. माणसाले असते. म्हणून कागद पुढं कराचा, माणूस मांगं राहाचा."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. इतकी वर्षे तो कागद गालाला लावायचा ते मी समोरून पाहिले होते.

"आता कोण पाह्यते तुले? आता काहून लावतं?"

"सवय पडली बे."

 रस्त्यावरून बाजाराच्या गाड्या परत जात होत्या. शेवटी गुडघ्यावर हात ठेवून उठला.

"मी उद्या संगं येत नाही. मी आलो तं लोकं म्हणतीन, दादारावनं नेलं. मंग तू सात जन्म जाणार नाही. मी तुले चौथीपासून ओळखतो." दोन पावले गेला आणि वळला. "खरा आकडा किती हाय बे?"

"सांगत नाही."

"मले नको सांगू. ज्याले सांगाचा त्याले सांग."

पुढचे इथेच सांगून टाकतो. प्राजक्ता नागपूरला गेली आणि शिकली. फी शिष्यवृत्तीतून भरली गेली, राहण्या-खाण्याचे कर्ज बँकेने दिले, आता नोकरीला लागली आहे आणि हप्ता तीच भरते. शिष्यवृत्तीची पहिली रक्कम खात्यात आली त्या दिवशी दादाराव माझ्या बाकड्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "सांग चहा." अर्धा कप प्यायला. बशीतही ओतला नाही, हळूहळू प्यायला, जणू माझ्याकडून साठ वर्षांचे घेणे होते. पहिल्या पगाराला प्राजक्ताने पेढ्यांचे दोन डबे आणले. पहिला डबा समोर निळ्या स्टुलावर गेला. घरी दुसरा आला. मी तो उघडला नाही, सुनेने उघडला.

पण ते नंतरचे. त्या संध्याकाळी दादाराव गेला, मी शटर पूर्ण ओढले, घरी येऊन जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला, इस्त्री केलेला, आणि तलाठ्याच्या कचेरीत गेलो. रांग पहिल्यापेक्षा लांब होती. माझ्या पुढे तीन माणसे सोडून तोच किराणावाला, काम झाले नव्हते वाटते. माझा नंबर आला तेव्हा तो अजून टेबलाच्या कडेला शिक्क्यासाठी उभा होता.

तलाठ्याने मला ओळखले. "काय काका, अजून वाढवाचं हाय का?"

रांग हसली. मी जुना दाखला काढला. एक क्षण तो माझ्या छातीशी होता आणि हात आपोआप वर जायला लागला, तोंडाकडे. मला दादारावची रांग आठवली, व्हरांड्यातली पोरे आठवली. तो सहा वर्षे कागदाआड उभा राहिला होता. मी ठरवले, इथे तरी मी त्याच्या पुढे राहणार.

मी दाखला टेबलावर पालथा ठेवला, दोन्ही हात मागे बांधले आणि खरा आकडा सांगितला.

"ऐकू नाही आलं, काका."

किराणावाला माझ्याकडेच पाहत होता. मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊन आकडा पुन्हा सांगितला, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.